एक ग्रंथी, दोन कामे : प्रस्तावना

गोऱ्हा कोणत्या वयात खच्ची करायचा, हे वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कुठल्या विद्यापीठाने शिकवलेले नाही. आर्वी-आष्टी-कारंजाकडचा गवळाऊ असो की हिंगणघाटच्या बाजारात उभा राहिलेला साधा गावरान, फार लवकर खच्ची केला तर मान आणि वशिंड भरत नाही. फार उशीर केला तर तो मारका होतो, औताला वळत नाही. हा पिढीजात हिशेब आहे आणि तो बरोबर आहे. त्यात एक मोठा शास्त्रीय सिद्धांत दडलेला आहे, फक्त त्याला कुणी सिद्धांत म्हणत नाही. मागच्या दोन पायांमध्ये लोंबणाऱ्या एका लहानशा अवयवावर घाव घातला की दूरच्या मानेचा घेर बदलतो, हंबरणे बदलते, अंगातली रग आणि स्वभावही बदलतो. त्या अवयवापासून मानेपर्यंत कोणतीही नळी जात नाही. मग निरोप जातो कसा? जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये आर्नोल्ड बर्टोल्ड यांनी १८४९ मध्ये कोंबड्यांवर हाच प्रश्न तपासला. वृषणे काढलेल्या कोंबड्याचा तुरा सुकला, बांग थांबली, झुंजायची खुमखुमी गेली. पण ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा ठेवले, त्यांचा तुरा आणि बांग दोन्ही शाबूत राहिले. पोट उघडून पाहिले तर त्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, जुन्या मज्जातंतूंशी मात्र त्याचा संबंध तुटलेलाच होता. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. अंतःस्रावी ग्रंथींचे शास्त्र या प्रयोगापासून सुरू झाले असे मानतात. त्याचे निरीक्षण मात्र आपल्या गोठ्यात केव्हाचेच झालेले होते.

गोठ्याने अर्धेच शिकवले, ही त्यातली मेख आहे. प्रजनन ग्रंथी दोन कामे करतात. एक, बीज तयार करणे : पुरुषात शुक्राणू, स्त्रीत बीजांड. दुसरे, संप्रेरके तयार करून रक्तात सोडणे. खच्ची केलेल्या बैलात ही दोन्ही कामे एकाच क्षणी संपतात, म्हणून पाहणाऱ्याला ती दोन आहेत हे कधी दिसतच नाही. त्याला एकच गोष्ट दिसते, जिला तो ‘जोर’ म्हणतो, आणि ती बीजातच असते असा त्याचा समज होतो. प्रजनन ग्रंथींबद्दलची आपली बहुतेक भीती, बहुतेक भोंदूगिरी आणि सरकारी धोरणांतल्याही काही महागड्या चुका या एका गल्लतीतून आल्या आहेत, असे माझे म्हणणे आहे. पुढच्या पानांत जी निरनिराळी प्रकरणे वाचकाला भेटतील, त्यांना बांधणारा धागा हाच आहे.

आधी या प्रदेशाचा नकाशा पाहू. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलाची आणि मुलीची प्रजनन ग्रंथी दिसायला सारखीच असते. तिच्यातून वृषणही घडू शकते आणि बीजांडकोशही. वाय गुणसूत्रावरचे ‘एसआरवाय’ नावाचे जनुक कामाला लागले तर ती वृषणाच्या वाटेने जाते. हे जनुक १९९० मध्ये लंडनच्या संशोधकांनी ओळखले. त्याआधी, १९४७ मध्ये, फ्रान्सच्या आल्फ्रेड जोस्त यांनी सशांच्या गर्भावर शस्त्रक्रिया करून दाखवले होते की वृषणाचे स्राव मिळाले नाहीत तर शरीराची जडणघडण मादीच्या दिशेने होते. मुलाची वृषणे पोटात तयार होतात आणि जन्माच्या सुमारास खाली पिशवीत उतरतात, कारण शुक्राणू घडायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. एखाद्या बाळाचे वृषण उतरलेच नाही तर वयाच्या दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावी असा आजचा सल्ला आहे. ‘मोठा झाला की आपोआप उतरेल’ म्हणत थांबणाऱ्या घरांसाठी हे इथेच सांगून टाकलेले बरे. वृषणाच्या आत अतिशय बारीक नळ्यांची गुंडाळी असते. नळ्यांच्या भिंतीत सर्टोली पेशींच्या देखरेखीखाली शुक्राणू घडतात, आणि एका शुक्राणूला पूर्ण व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. नळ्यांच्या मधल्या जागेत लायडिग पेशी असतात. त्या टेस्टोस्टेरॉन तयार करून थेट रक्तात सोडतात. एकाच कवचात दोन स्वतंत्र खाती, आणि माल बाहेर जाण्याचे दोन स्वतंत्र रस्ते. शुक्राणू शुक्रवाहिनीने जातात, टेस्टोस्टेरॉन रक्ताने. वीर्य म्हणून जे बाहेर पडते त्याचा बहुतांश भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा द्रव असतो. शुक्राणूंचा वाटा शेकडा दोन ते पाच. पुढचा सगळा वाद समजून घ्यायला हा आकडा लक्षात ठेवावा.

स्त्रीच्या बीजांडकोशाचे गणित वेगळे आहे. पुरुष वयात आल्यावर रोज नवे शुक्राणू घडवतो; मुलगी मात्र आपली सगळी पुंजी घेऊनच जन्माला येते. आईच्या पोटात पाचव्या महिन्याच्या सुमारास तिच्याकडे साठ-सत्तर लाख बीजांडे असतात, जन्मताना दहा-वीस लाख, पाळी सुरू होताना तीन-चार लाख. त्यांतली आयुष्यभरात जेमतेम चारशे-पाचशे पक्व होऊन बाहेर पडतात. उरलेली जागच्या जागी विरून जातात. या दोन्ही ग्रंथींवर मेंदूचा ताबा असतो. हायपोथॅलॅमस थांबून थांबून पिट्युटरीला इशारा देतो, पिट्युटरी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरके पाठवते, आणि ग्रंथींची संप्रेरके रक्तातून परत वर जाऊन ‘आता पुरे’ असे कळवतात. पाळीचे चक्र, वयात येणे, पाळी जाणे हे सगळे या देवाणघेवाणीचे टप्पे आहेत.

ही समज यायला फार काळ लागला, आणि वाटेत अनेक पंथ झाले. आयुर्वेदाने शुक्राला सातवा धातू मानले. आहाररसापासून क्रमाक्रमाने घडत जाणारा, सर्व शरीर व्यापणारा. सुश्रुतसंहितेत वाजीकरणासाठी बोकडाची वृषणे दुधात शिजवून देण्याचा प्रयोग आहे, म्हणजे या अवयवात शरीराला बळ देणारे काहीतरी आहे अशी खूणगाठ तेव्हाच बांधलेली होती. युरोपातले शरीररचनेचे अभ्यासक दुसऱ्या टोकाने आले. रेनिये द ग्राफ यांनी १६७२ मध्ये बीजांडकोशातल्या पुटकांचे वर्णन केले, १६७७ मध्ये लेवेनहुक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे शुक्राणू पाहिले, आणि सस्तन प्राण्याचे खरे बीजांड पाहायला १८२७ साल उजाडावे लागले. ते कार्ल फॉन बेअर यांनी पाहिले. या मंडळींना ग्रंथीचे बीज दिसले, पण तिचा सर्वांगावरचा अंमल त्यांच्या चौकटीत बसला नाही. वैद्यांना अंमल जाणवला होता, पण तो त्यांनी द्रवाच्या खात्यावर जमा केला. परंपरेला कमी लेखण्यासाठी हे लिहिलेले नाही. निरीक्षण अचूक होते, श्रेय चुकीच्या पदार्थाला दिले गेले. आणि ती चूक आधुनिक डॉक्टरांनीही तितक्याच उत्साहाने केली.

१८८९ मध्ये पॅरिसमध्ये ७२ वर्षांच्या शार्ल ब्राउन-सेकार या नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपल्याला तारुण्य परत मिळाल्याचे जाहीर केले. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि वृषण ते साठवूनही ठेवत नाही, घडेल तसे रक्तात सोडते. त्या अर्कात औषधापेक्षा आशाच जास्त असणार. पुढे १९२० च्या दशकात सर्ज व्होरोनॉफ श्रीमंत वृद्धांच्या शरीरात माकडाच्या वृषणाचे काप बसवू लागले. व्हिएन्नाच्या ऑयगेन श्टाइनाख यांचा प्रकार मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. त्यांचे म्हणणे असे, की शुक्रवाहिनी बांधली की बीज तयार करणारा भाग आक्रसतो, त्याची जागा संप्रेरक तयार करणाऱ्या पेशी घेतात आणि माणूस तरुण होतो. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये आणि कवी येट्स यांनी १९३४ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली. शुक्रवाहिनी बांधणे म्हणजे आज ज्याला आपण पुरुष नसबंदी म्हणतो तेच. तिकडे लोक जोर वाढावा म्हणून ती करून घेत होते, इकडे जोर जाईल म्हणून तिला घाबरतात. दोन्ही समजुती चूक आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच : बीजाचा रस्ता आणि संप्रेरकाचा रस्ता एकच आहे, किंवा एक अडवला की दुसऱ्यावर परिणाम होतोच, हे गृहीतक.

अर्कवाल्यांची सद्दी रसायनवाल्यांनी संपवली. एडवर्ड डॉइझी आणि आडोल्फ बुटेनांट यांनी १९२९ मध्ये स्वतंत्रपणे इस्ट्रोन वेगळे केले. बुटेनांट यांनी १९३१ मध्ये हजारो लिटर मूत्रातून काही मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन मिळवले. १९३५ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या एर्न्स्ट लाकुअर यांच्या गटाने वळूंच्या सुमारे १०० किलो वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम शुद्ध टेस्टोस्टेरॉन काढले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत बनवले, आणि १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले. शंभर किलोला दहा मिलिग्रॅम हे प्रमाण एकदा वाचले की बोकडाच्या किंवा माकडाच्या वृषणाने येणाऱ्या ताकदीविषयी वेगळा युक्तिवाद करावा लागत नाही. यानंतर मेंदूवाले आले. गियमँ आणि शॅली यांनी हायपोथॅलॅमसमधला इशारा देणारा रेणू १९७१ च्या सुमारास उलगडला, १९७७ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. त्यांच्यापाठोपाठ जनुकवाले. आजचे शास्त्र या तिघांच्या मिळून चालण्याचे आहे.

१९३५ हे साल वर्धेच्या वाचकाने विशेष ध्यानात घ्यावे. युरोपात टेस्टोस्टेरॉन बाटलीत आले त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्याला आल्या आणि गांधीजींशी त्यांचा दीर्घ संवाद झाला. गांधीजींचा मुक्काम तेव्हा मगनवाडीत होता. सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, ते राहायला गेले ते काही महिन्यांनी. स्त्रीवर बाळंतपणे लादली जाऊ नयेत यावर दोघांचे एकमत होते. कृत्रिम साधनांवर मात्र झाले नाही. गांधीजींच्या विरोधामागे नीतीचा विचार होता तसाच शरीराचाही होता : वीर्य ही जीवनशक्ती आहे, तिचा संचय केल्याने तेज वाढते, व्यय केल्याने माणूस खंगतो. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहायला घेतलेल्या आरोग्यविषयक पुस्तकातही त्यांनी ही भूमिका मांडली आहे. संयमाचा नैतिक आग्रह धरायला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही, तो शरीरशास्त्रावर अवलंबूनही नाही. पण त्याला दिलेला शारीरिक आधार टिकत नाही. ज्याला आपण पुरुषी तेज म्हणतो ते घडवणारे द्रव्य वीर्यात साठत नाही, ते आधीच रक्तात गेलेले असते. आणि वीर्य खर्चले नाही म्हणून ते जास्त तयार होते असेही नाही. वापरले न गेलेले शुक्राणू शरीर मोडून पुन्हा शोषून घेते.

याच काळात मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे अगदी हेच लिहीत होते. गणिताचे प्राध्यापक असलेल्या या माणसाने १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. त्यापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले. वीर्यनाशाची भीती निराधार आहे, हस्तमैथुनाने कुणी वेडा किंवा क्षयी होत नाही, हे कर्वे तितक्याच गणिती कोरडेपणाने सांगत राहिले, आणि गांधीजींच्या ब्रह्मचर्यविचारावर टीका करताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. मराठीत या विषयाची सुरुवात अशी झालेली असताना, नव्वद वर्षांनंतर आपल्या बसस्थानकांच्या भिंतींवर ‘गुप्तरोग व कमजोरी’च्या जाहिराती कर्व्यांनी खोडून काढलेल्या समजुतीवरच पोट भरत आहेत. ‘धात जाते’ या तक्रारीने खचलेल्या तरुणांचे वर्णन करायला डॉ. न. ना. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ ही संज्ञा सुचवली. त्या तरुणांचे दुखणे बहुधा ग्रंथीत नसते, पण दुखणे खरे असते, आणि त्याला हसणे हा उपचार नव्हे.

आता नसबंदीकडे. शेतकऱ्याची भीती अडाणीपणाची आहे असे आरोग्यखाते वर्षानुवर्षे मानत आले. ती तशी नाही. बैल खच्ची करताना बर्डिझो चिमट्याने वृषणाच्या वरची दोरी दाबून चिरडतात. कातडी फाटत नाही, रक्त सांडत नाही, आणि वृषण जागच्या जागी सुकते, कारण त्या दोरीतून जाणाऱ्या रक्तवाहिन्याच चिरडलेल्या असतात. पुरुष नसबंदीही त्याच दोरीवर होते. पाहणाऱ्याला दोन्ही क्रिया एकच वाटल्या तर नवल काय? फरक आतला आहे. माणसात त्या दोरीतून फक्त शुक्रवाहिनी वेगळी काढून कापतात आणि बांधतात. रक्तवाहिन्या जशाच्या तशा राहतात. वृषण जिवंत असते, लायडिग पेशींचे काम चालू असते, टेस्टोस्टेरॉन पूर्वीइतकेच रक्तात जाते. एवढा फरक समजावून सांगायला एक चित्र आणि पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे देण्याऐवजी आणीबाणीत आपण लक्ष्य ठरवून दिले. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ६२ लाख पुरुषांच्या नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झाले नाही. परिणाम असा, की खच्चीकरणाच्या भीतीला सक्तीची आठवण जोडली गेली आणि पुरुष या कामातून कायमचा बाजूला झाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांमध्ये स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आहे, पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के. पोट उघडावे लागणारी, भूल लागणारी, तुलनेने अवघड शस्त्रक्रिया बाईच्या वाट्याला आणि सोपी कुणाच्याच नाही. केवळ अज्ञान दूर केल्याने हे आकडे उलटतील असा माझा दावा नाही. बाईच्या शरीराला हात लावणे आपल्या घरांना नेहमीच सोपे वाटत आले आहे, हेही त्यात आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. दोन कामे वेगळी आहेत हे वृषणाला लागू पडते; बीजांडकोशात ती वेगळी कुठे आहेत? आक्षेप बरोबर आहे. कपाशीच्या बोंडात सरकी आणि रुई एकत्रच वाढते, तसे बीजांडकोशाच्या एकेका पुटकात बीजांड आणि इस्ट्रोजेन सोबतच घडते. म्हणून पुंजी संपली की संप्रेरकही ओसरते, आणि पाळी जाते. आपल्याकडे सरासरी सत्तेचाळिशीच्या आसपास. पुरुषात असा ठरावीक टप्पा नाही. पण या आक्षेपाने मुद्दा ढिला होण्याऐवजी अधिक तातडीचा होतो. कारण आपल्याकडे ‘आता मुले झाली, पिशवीचे काम काय’ या एका वाक्यावर गर्भाशय काढले जाते आणि पुष्कळदा त्यासोबत बीजांडकोशही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत २०१९ मध्ये जे उघड झाले ते महाराष्ट्राला माहीत आहे. राज्याने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा परवडत नाही, दंड बसतो, पाळी नकोशी होते, आणि पोटदुखीवर कॅन्सरची भीती घालणारा कुणीतरी भेटतो. ही कारणे आर्थिक आहेत आणि त्यांवर शरीरशास्त्राचे पुस्तक उतारा नाही. पण तिशी-पस्तिशीत बीजांडकोश गेला तर हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, झोप आणि मनःस्थिती ढासळते. हे तिला शस्त्रक्रियेआधी कळायला हवे होते. मुले होऊन गेल्यावर बीजाचे काम संपते, संप्रेरकाचे नाही. या दुर्लक्षाचा पुरावा आपल्या विदर्भातलाच आणि जुना आहे. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले की ९२ टक्के स्त्रियांना प्रजनन अवयवांचा काही ना काही आजार होता; त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो : कामे वेगळी असतील तर एकाला हात न लावता दुसरे वाढवता येईल ना? जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणारे तरुण असेच समजतात. वेगळी म्हणजे असंबद्ध नव्हे. शुक्राणू घडायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त असावी लागते. बाहेरून ते टोचले की मेंदूला वाटते माल भरपूर आहे, तो एलएच आणि एफएसएच बंद करतो, वृषणातला घरचा पुरवठा आटतो आणि शुक्राणू घडणे थांबते. दंड भरतात आणि बीज जाते. जागतिक आरोग्य संघटनेने हेच तत्त्व गर्भनिरोधक म्हणून तपासले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत आठवड्याला एक इंजेक्शन घेणाऱ्या २७१ पुरुषांपैकी निम्म्याहून अधिकांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर आले. औषध थांबवल्यावर बहुतेकांत ते परततात, पण वर्षानुवर्षे टोचणाऱ्याने त्या भरवशावर राहू नये.

नेमके उलटे उदाहरण हिंगणघाटच्या अंगणातच सापडते. एकोणिसाव्या शतकात या गावाच्या नावाने ओळखला जाणारा कापूस विलायतेच्या बाजारात नावाजलेला होता. आजही इथली बाजार समिती, जिन आणि सरकीच्या तेलगिरण्या यांवर गाव चालते. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. चीनमध्ये सरकीचे कच्चे तेल खाणाऱ्या गावांत पुरुषांना वंध्यत्व आल्याचे तिथल्या डॉक्टरांनी १९५७ मध्ये नोंदवले. पुढे १९७० च्या दशकात आठ हजारांहून अधिक पुरुषांवर गॉसिपॉलची गर्भनिरोधक गोळी तपासली गेली. शुक्राणू घडणे थांबत होते आणि संप्रेरकावर फारसा परिणाम होत नव्हता. एका कामाला हात न लावता दुसरे थांबवणारे औषध सापडले असे काही काळ वाटले. पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत घसरले आणि बऱ्याच जणांचे शुक्राणू औषध सोडल्यावरही परतले नाहीत. शेवटी हा नाद सोडून द्यावा लागला. बाजारातल्या रिफाइंड सरकी तेलातून हे द्रव्य काढून टाकलेले असते, आणि ढेप खाणाऱ्या मोठ्या जनावरांचे पोट ते बरेचसे निकामी करते. तेव्हा हे वाचून कुणी घरातला तेलाचा डबा ओतून देऊ नये. वासरांना आणि पैदाशीच्या वळूला ढेप बेताने द्यावी, एवढेच.

मग हे सगळे आज कशासाठी? एक तर ग्रंथी आता बाजारात आल्या आहेत. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्मली. पण देशातला पहिला मान कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांचा, १९७८ चा, हे स्वतः आनंद कुमार यांनी नंतर कागदपत्रे तपासून जाहीर केले. असा मोठेपणा विज्ञानात वरचेवर दिसत नाही. तेव्हा दुर्मिळ असलेल्या या उपचाराचे फलक आता जिल्ह्याच्या गावी दिसतात, आणि २०२१ मध्ये त्यासाठी कायदाही करावा लागला. कर्ज काढून उपचार घेणाऱ्या जोडप्याला अहवालातले एएमएच, एफएसएच या संप्रेरकांचे आकडे काय सांगतात हे कळले पाहिजे, आणि तपासणी नवऱ्यापासूनही सुरू होते हे सासूला. मुलगा की मुलगी हे शुक्राणूतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरते; गर्भलिंगचाचणीवर १९८८ मध्ये देशात पहिला कायदा करणाऱ्या राज्यातही दोष मात्र अजून बाईलाच लागतो. पीसीओडी हा बीजांडकोशाच्या विकाराचा शब्द तर शाळकरी मुलींच्या तोंडी आला आहे. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एका निकषाने २२.५ टक्के मुलींना तो होता, दुसऱ्या निकषाने १०.७ टक्के. निकष बदलला की निम्म्या मुली निरोगी होतात, हे जिला कळेल ती सोनोग्राफीच्या एका कागदावरून हादरणार नाही, आणि खरे दुखणे असेल तर टाळणारही नाही.

या पुस्तकाने स्वतःला काही मर्यादा घालून घेतल्या आहेत. ते कामशास्त्र नाही आणि घरगुती वैद्यकही नाही. एकही औषध किंवा मात्रा यात सांगितलेली नाही. लेखांचा क्रम आजारांनुसार लावलेला नाही, गर्भापासून म्हातारपणापर्यंत असा लावला आहे, कारण या ग्रंथी प्रत्येक वयात वेगळ्या वागतात. ज्यांच्या ग्रंथी, गुणसूत्रे आणि बाह्य अवयव एकमेकांशी जुळत नाहीत त्यांच्यावरचा भाग शेवटच्या परिशिष्टात न ढकलता मधोमध ठेवला आहे. लिंग म्हणजे ग्रंथी असे सरळ समीकरण मांडता येत नाही, हे धावपटू द्युती चंद हिच्या टेस्टोस्टेरॉनवरून झालेल्या वादात २०१५ मध्ये क्रीडा लवादालाही नियम स्थगित करून मान्य करावे लागले. भाषेच्या बाबतीत पाठ्यपुस्तकी शब्द आणि दवाखान्यात ऐकू येणारे शब्द दोन्ही ठेवले आहेत. ‘पिशवी’ म्हणणारी बाई चूक बोलत नाही. शाळेत शिकवायला हे पुस्तक नेले तर पालक तक्रार करतील, अशी शंका काहींनी घेतली आहे. करतील. कर्व्यांच्या वेळी तक्रार पोलिसांत गेली होती, तेव्हाच्या मानाने आपण पुढे आलो आहोत.

जे अजून घडते आहे त्यालाही यात जागा आहे. आयआयटी खरगपूरचे प्रा. सुजय गुहा यांनी शोधलेल्या ‘रिसग’ या पुरुष गर्भनिरोधकाची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३०३ पुरुषांवर केली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते उत्साह वाढवणारे आहेत. एका इंजेक्शनने शुक्रवाहिनीत पॉलिमर बसवायचा, त्यातून जाणारे शुक्राणू निकामी होतात. वृषणाला आणि त्याच्या रक्तपुरवठ्याला हात लागत नाही. हे इंजेक्शन आपल्या उपजिल्हा रुग्णालयात येईल तेव्हा रांगेतला पहिला माणूस काय विचारणार याचा अंदाज आहे, म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर वृषण आणि शुक्रवाहिनीच्या आकृतीखालीच, मोठ्या टायपात छापले आहे.